निळी गाडी सर्वांच्या पुढे

चहा हातात घ्या, बिस्किटे जवळ ओढा, आणि हसू आले तर आवरू नका. जुन्या मॅट्रिकच्या, गणितात कधीही न चुकलेल्या बाईने भर मैदानात स्वतःची कशी शोभा करून घेतली, ते मी स्वतःच सांगते. दुसऱ्या कोणी सांगितले, तर तपशील चुकतील.

माझा मुलगा मिलिंद सौदी अरेबियात अल खफजीला तेलाच्या कामावर इंजिनियर आहे. महिन्यातले निम्मे दिवस तो समुद्रात. मी त्यांच्याकडे राहायला आले, तर सूनबाई इस्पितळात, नात सई शाळेत. घराचे पडदे उन्हासाठी कायम ओढलेले. दारावरची घंटा वाजली, तर समजावे की पाण्याच्या बाटल्या आल्या. हळूहळू मी कुकरच्या शिट्टीला उत्तर देऊ लागले. तेव्हा मनाशी ठरवले की व्हिसाची मुदत वाढवायची नाही, आपण आपले नाशिकला परत जावे.

मिलिंदला हे सांगितले. तो म्हणाला, "आई, एक शुक्रवार माझ्याबरोबर चल. मग तिकिटाचं बघू."

"कुठे?"

"रेसला. मी गाडी चालवतो तिथे. जुन्या घरगुती गाड्या असतात, काचा काढायच्या, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवायचा आणि पळवायच्या."

"पळवून जायचे कुठे?"

"कुठेच नाही. छोट्या ट्रॅकवर गोल गोल."

"मग घाई कसली?"

तरी मी निघाले, आणि बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन निघाले. मुलगा पहिला आला आणि वाटायला हातात काही नाही, ही नामुष्की आमच्या घराण्यात झालेली नाही.

"आई, मी जिंकायला जात नाही गं," मिलिंद म्हणाला.

"परीक्षेला बसणारे सगळे असेच म्हणतात," मी म्हटले.

गावाबाहेर वाळूत तो ट्रॅक होता. एखाद्या शाळेच्या मैदानाएवढा असेल. कुटुंबांसाठी वेगळा मांडव होता, तिथे मी आणि सई बसलो. माझ्या शेजारी माझ्याच वयाची एक सौदी बाई बसली होती. तिने स्वतःकडे बोट दाखवून सांगितले, "उम्म फहद." म्हणजे फहदची आई. इकडे बाईला मुलाच्या नावाने ओळखतात. मी मान लववली. पुढे बोलायला आम्हा दोघींकडे एक भाषा नव्हती. म्हणजे इथेही कुकरच, असे मला वाटले.

शर्यत सुरू झाली. धूळ, धूर, आणि पत्र्याचे डबे रस्त्यावर ओतावेत तसा आवाज. मला एकच गोष्ट दिसत होती: मिलिंदची निळी गाडी. आणि काय सांगू, निळी गाडी पुढे होती. तिच्या मागे एक पांढरी गाडी हात धुऊन लागली होती, पण माझा मुलगा तिला वाट देईना. लहानपणापासून हट्टी.

"आजी, listen ना, बाबा is..." सईने माझी बाही ओढली.

"मराठीत. पूर्ण वाक्यात."

"अगं पण बाबा तो..."

"आधी विचार कर, मग बोल."

ती फुगून विचार करू लागली. इकडे निळी गाडी रेषेपार गेली, मागोमाग पांढरी, आणि चौकटींचा झेंडा फडकला.

उम्म फहद उभी राहिली. "अव्वल!" ती म्हणाली.

अव्वल! हा शब्द तर माझ्या प्रगतिपुस्तकावरचा. "अव्वल, अव्वल," मी म्हटले आणि डबा उघडला. पहिला लाडू तिच्या हातावर ठेवला. तिने माझे दोन्ही गाल चुंबले. मला इतक्या महिन्यांत कोणी हातही लावला नव्हता. मग काय, मी मांडवभर फिरले. ओळीने सगळ्यांना लाडू दिले. सगळे "मबरूक, मबरूक" म्हणून अभिनंदन करत होते. मात्र ते माझ्याकडे न पाहता उम्म फहदकडे पाहून म्हणत होते. मी समजले, रीत असेल.

तिने माझा हात धरून मला थेट बक्षिसाच्या चौथऱ्याशी नेले. चौथऱ्यावर एक उंच सौदी तरुण चढला. मिलिंद कुठेच नाही.

तेवढ्यात सई धावत आली. तिचे वाक्य तयार झाले होते.

"आजी, माझे बाबा या शर्यतीत सर्वांत शेवटी आले आहेत. पांढऱ्या गाडीने सगळे फेरे पूर्ण केले, तेव्हा बाबा अजून आधीच्याच फेऱ्यात होते, म्हणून ते पुढे दिसत होते."

एकही चूक नव्हती. वाक्यात.

पांढरी गाडी अर्थातच फहदची. मी दुसऱ्याच्या मुलाचे पेढे वाटावेत तसे लाडू वाटले होते, आणि त्याच्या आईने ते शुभेच्छा म्हणून घेतले होते. सईने शाळेतल्या मोडक्या अरबीत तिला सगळे समजावले. मला तर वाळूत बसावेसे वाटले. उम्म फहद डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग डब्यातला उरलेला शेवटचा लाडू उचलून तिने माझ्याच तोंडात कोंबला, आणि म्हणाली, "उम्म मिलिंद."

या गावात मला पहिल्यांदाच कोणी नावाने हाक मारली.

परतताना मिलिंद म्हणाला, "मी शेवटी आलो म्हणून लाडू वाटणारी तूच. तिकिटाचं काय करू?"

"राहू दे," मी म्हटले, आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

आता शुक्रवारी उम्म फहद माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवते. मी डबा लाडवांनी भरलेला नेते आणि खजुरांनी भरून आणते. परवा हेल्मेट चढवताना मिलिंदने विचारले, "आई, आज कोणी जिंकावं असं वाटतं?"

"तू सुखरूप ये म्हणजे झाले," मी म्हटले.

खरे उत्तर तुम्हाला म्हणून सांगते: फहद. तो हरला, तर मी डबा कोणत्या निमित्ताने उघडू? पोटच्या मुलाच्या भरवशावर बसले, तर लाडू खवट होतील.