किल्ली खिळ्यावर असली की

रोमन गावलिक गाडी लावून उतरला की बॉनेटवर दोनदा थाप मारायचा. पेट्रोल भरताना टोपी काढायचा. दुसऱ्याच्या गाडीत बसला की उजव्या पायानं नसलेला ब्रेक दाबत राहायचा. जपानी गाडीला कधी वाट द्यायचा नाही. आणि घरात शिरला की कोट काढायच्याही आधी किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवायचा.

किल्ली खिळ्यावर, म्हणजे गाडी बंद. अमेरिकेतल्या फ्लिंट या मोटारींच्या गावातल्या त्या घरात पन्नास वर्षं हेच चालत आलं होतं. त्याची बायको बर्निस जातायेता खिळ्याकडे बघायची आणि निश्चिंत व्हायची.

लग्नाच्या वेळची गाडी मागे माशासारखे पंख असलेली, क्रोमनं लखलखणारी होती. तिला किल्ल्या दोन, एक दाराची, एक इंजिनाची. पुढची सीट सोफ्यासारखी सलग. बर्निस सरकत सरकत त्याच्या खांद्याला टेकायची. मग होडीएवढ्या लांब गाड्या आल्या. मग पेट्रोल महागलं आणि गाड्या धुतलेल्या लोकरीसारख्या आटल्या. दोघांच्या मधे कप ठेवायची पेटी आली. पुढं त्या इतक्या उंच झाल्या की बर्निसला चढताना हात द्यावा लागे. प्रत्येक गाडीची किल्ली वेगळी, खिळा तोच. रोमननं चाळीस वर्षं मोटारींच्या कारखान्यातल्या प्रेसवर पत्रे दाबून गाड्यांची दारं घडवली आणि त्या धडधडीत कान घालवले.

शेवटची गाडी मुलीच्या, डॉनाच्या हट्टानं आली. बटण दाबून सुरू आणि बंद होणारी, थोडी पेट्रोलवर, थोडी विजेवर; किल्ली कुठं खुपसायची नाही, खिशात नुसता प्लॅस्टिकचा ठोकळा.

"डॅड, ब्रेकसुद्धा स्वतःच लावते ही."

"मग मी काय करू? गाण्याला मान डोलवू?"

बर्निसला हसू आलं नाही. "उभी असताना चालू आहे की बंद, कळायचं कसं?"

"समोरचा दिवा बघायचा, मॉम."

"दिवे मी चर्चमध्ये बघते. गाडीचा आवाज ऐकते."

"तू तरी ऐकतेस," रोमन म्हणाला.

सिग्नलला गाडी गप्प व्हायची, मनात येईल तेव्हा पुन्हा घुरघुरायची.  आठवडाभर तो घरात आला की बर्निस विचारायची, "बंद केलीस ना?"

"अगं बाई, चाळीस वर्षं गाड्या केल्यात मी."

"दारं केलीस."

त्या दुपारी दोघं बाजार करून आले. बाहेर बर्फाचा वारा. रोमननं पिशव्या स्वयंपाकघरात ठेवल्या आणि ओरडला, "बॉल बांधून येतो गं!" गॅरेजच्या छताला दोरीनं टेनिसचा बॉल टांगलेला असतो, तो काचेला टेकला की गाडी थांबवायची. नवी गाडी आली की तिच्या नाकाप्रमाणं दोरी नव्यानं मापायची. थंडी नको म्हणून त्यानं मोठं दार लावून घेतलं होतं.

गाडी मघाशी टुणटुण वाजली होती. पण ती कशालाही टुणटुणायची. बर्निस विचारायला उठली, आणि तिनं खिळ्याकडे बघितलं. किल्लीच्या जागी आलेला तो काळा प्लॅस्टिकचा ठोकळा तिथं लटकत होता. आठवड्यात पहिल्यांदा तिचा जीव थाऱ्यावर आला. तिनं कोबी चिरायला घेतला.

सूप होईपर्यंत तिचं डोकं जड झालं. ब्लडप्रेशर असेल, तिला वाटलं. "रोमन, ये जेवायला!" उत्तर नाही. उत्तर तो कधीच द्यायचा नाही; ऐकू कुठं यायचं? वाडगे काढायला ती वाकली आणि जमीन हलली.

तिनं गॅरेजचं आतलं दार उघडलं. गार वारा यायला हवा होता. आली ती ऊब.

इंजिन अगदी हलक्या आवाजात चालू होतं, त्याचा न दिसणारा विषारी वायू बंद गॅरेजमध्ये कोंडलेला. रोमन चाकाला पाठ टेकून बसला होता, गाल लालबुंद. "रोमन! अरे ऊठ, रोमन!" तिनं मोठ्या दाराचं बटण दाबलं आणि बर्फात जाऊन कोसळली. ओरडत राहिली. शेजारी धावले, त्याला ओढून बाहेर आणलं. अँब्युलन्सवाले बर्फातच गुडघ्यांवर बसून त्याच्या छातीवर दाब देत राहिले. बर्निस त्याचा बूट धरून होती. तो उठला नाही.

गॅरेजमध्ये बॉल काचेला बरोब्बर टेकलेला आहे. दोरी छताच्या कडीतून ओवून खाली आणलेली, दुसरं टोक खिडकीच्या गजाला नुसतं गुंडाळलेलं. गाठ मारायची राहिली.