खापर न बसणारी चूल

तुळशीबाई कुंभारीण गावातल्या कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरू शकत होती. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरूनच घडलं. तापीकाठच्या आमच्या गावात परक्या पुरुषाला ओट्यापर्यंतच येता यायचं. पाणी, चहा, सुपारी सगळं त्याला तिथं मिळे, पण घरातली चूल काही दिसत नसे. तुळशीबाई मात्र डोक्यावरची पाटी उंबऱ्यात टेकवून सरळ आत यायची आणि चुलीपुढे फतकल मारून म्हणायची, "चहा टाक व माय, मंग बोलू."

तिचा नवरा लवकर गेला. चाक दीर फिरवायचा. थापीने ठोकून मडक्यांना आकार देणं, चुली घालणं आणि माल घरोघर पोचवणं तिच्याकडे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी पितरांच्या पूजेची घागर आणि मांडे भाजायचं खापर तीच आणून द्यायची. आमच्याकडे पुरणाचे मांडे हातावर वाढवतात, पार कोपरापर्यंत, आणि चुलीवर उपड्या घातलेल्या मोठ्या खापरावर टाकतात. तुळशीबाई दिरापासून वेगळी, एकटीच राहत असल्यामुळे घरी मांडे करत नसे. सणाच्या दिवशी प्रत्येक घरातून तिला हक्काचा मांडा मिळायचा, तो पदरात घेऊन जायची.

पुढे घरोघर जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, पातेली आली आणि तिची मडकी कोपऱ्यात पडून राहू लागली. तेवढ्यात विकास गटाच्या हापिसातून बिनधुराच्या चुलीची योजना आली. ग्रामसेविकाबाईंनी तुळशीबाईला शहाद्याच्या शिबिराला नेलं. परत आली ती लाकडी साचा घेऊनच. चुलीवरची भोकं त्या साच्याबरहुकूम ठेवायची आणि मागून धुराडं वर काढायचं. सामान सरकारचं, वर चुलीमागे तिला मजुरी. तिने आमच्या गावात आणि शेजारच्या गावांत घरोघर त्या चुली घातल्या. बाया तिला थट्टेने 'मास्तरीण' म्हणू लागल्या. ती लटकं रागवायची, पण त्या हाकेसरशी तिची पाठ ताठ व्हायची.

एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात, आखाजी होऊन थोडेच दिवस झाले असताना, शांतीलालभाई आले. नंदुरबारच्या व्यापाऱ्याचा मुलगा, पुण्याला अर्थशास्त्र शिकलेला. सरकारने योजनांवर घातलेला पैसा लोकांच्या कामी आला की नाही हे तपासायला त्यांना पाठवलं होतं. जेवण आमच्याकडे. अंगणात उभं राहून ते छपराकडे टक लावून बघायचे, तेव्हा आमच्या सासूबाई, वत्सलाबाई, मला हळूच म्हणाल्या, "हाऊ पोऱ्या काय कौलं मोजी ऱ्हायना का?"

ते धुराडी बघत होते. दर घरावर धुराडं होतं. पण स्वयंपाकाच्या वेळी धूर निघायचा कौलांच्या फटींतून, आणि आमच्या धुराड्यात तर साळुंकी काड्या नेत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सासूबाईंना ओट्यावरून प्रश्न विचारले. मी दाराआड उभी होते.

"आजी, सरकारी चूल आहे का?"

"शे तं!"

"वापरता का?"

"वापरतस नही तं काय पूजतस?"

"धूर होतो?"

"धूर? धूर कसाना रे भाऊ?" सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनाच खोकल्याची उबळ आली. शांतीलालभाईंच्या डोळ्यांना तर मघापासून पाणी लागलं होतं.

दर घरी अशीच उत्तरं. शांतीलालभाईंना राग नाही आला. उलट त्यांची जिज्ञासा वाढली. जेवताना मला म्हणाले, "वहिनी, सगळे 'हो' म्हणतात आणि धूर 'नाही' म्हणतो. मी विश्वास कुणावर ठेवू?"

आत जाऊन बघेल अशी बाई हवी होती. ग्रामसेविकाबाईंची बदली झालेली. राहिली तुळशीबाई. शांतीलालभाई जरा घुटमळले, "जिने चूल घातली तिनेच ती तपासायची हे बरोबर नाही. वहिनी, तुम्ही सोबत जाल?" मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. मला तरी कुणाच्या चुलीपर्यंत जायला कधी मिळत होतं!

निघण्याआधी त्यांनी तुळशीबाईला स्पष्ट सांगितलं, "मावशी, मी जे लिहीन त्यावरून ठरेल, पुढच्या साली चुलींचा पैसा या भागात द्यायचा की दुसरीकडे. सारंगखेड्याकडच्या गावांचं काम तुम्हालाच मिळणार होतं ना?"

"व्हतं," ती म्हणाली. "हाई हातनं काम शे, भाऊ. दुसरं माले काय येस?"

पहिल्याच घरी, सरलाबाईंकडे, तुळशीबाई चुलीपुढे बसली आणि तिने भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाखालची माती भुसभुशीत, रंगही वेगळा. तिने नखाने खरवडलं तसा लिंपलेला पोपडा निघून आला. खाली मोठं भगदाड. कडा पार फोडून रुंद केलेल्या. लिंपलेली माती जाळाने सुटायची आणि धूर मागे धुराड्याकडे जायचा सोडून तिथूनच वर येत होता.

"हाई कोनी फोडं?"

सरलाबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "आखाजीले फोडनी पडस व माय. खापर बसत नही. मंग लिपी टाकतस."

"माले काब्र नही सांगं?"

"तुले वाईट वाटतं. आन सरकारनी चूल फोडी म्हनी दंड बसना तं?"

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरीही तेच. एका घरी तर भोकावर चक्क परात झाकून वर देवाचा दिवा ठेवला होता, म्हणजे कुणी परात उचलणार नाही. दर घरी मी पुढे जायचे आणि तुळशीबाई मागून. एरवी चहा मागणारी ती, त्या दिवशी तिने कुठे पाणीसुद्धा घेतलं नाही.

शेवटी आमचं घर. मी पोतेऱ्याचा लेप बाजूला केला. आमचीही चूल तशीच होती, हे तिला आता सांगावं लागलंच नाही. ती माळ्यावरच्या खापराकडे बघत बसली. तिनेच चैत्रात आणून दिलेलं होतं ते. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. हसेल का रडेल, काही कळेना.

"रंजना," ती हळूच म्हणाली, "चूल मी करी, खापर बी मीच करं. इतला वरीस घरोघरना मांडा खादा. कोनत्या चुलीवरना शे, कधी इचारं नही मी."

बाहेर ओट्यावर शांतीलालभाई वाट बघत होते. शेजारपाजारच्या बाया दारांत, पदर तोंडाशी धरून. सगळ्यांनाच माहीत होतं की तिने 'ठीक शे' म्हटलं तर प्रश्न मिटणार. आत शिरून कोण बघणार होतं? शांतीलालभाईंनी मला विचारलं असतं तर मी खोटं बोलले नसते, पण आपणहून तिचं बोलणं खोडलंही नसतं. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. काय मागावं ते मात्र सुचलं नाही.

तुळशीबाईने माझ्याकडून खापर मागून घेतलं. पाटीतला हापिसचा लाकडी साचा काढला. बाहेर येऊन दोन्ही शांतीलालभाईंपुढे ओट्यावर ठेवलं.

"हाई मन्हं. हाई तुम्हनं. बसाडी दखाडा."

शांतीलालभाईंनी साच्याच्या भोकावर खापर ठेवलं. ते नुसतं वर डुगडुगत राहिलं. उलटं करून पाहिलं, तिरकं करून पाहिलं. सासूबाई दारातून म्हणाल्या, "जोर लाव, भाऊ, पुन्याले शिकेल शे ना!" सगळ्या बाया फिसकन हसल्या आणि तेही हसले. तुळशीबाईच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"म्हणजे चुली वापरात आहेत," ते सावकाश म्हणाले, "पण धूर तसाच आहे. मावशी, हे मला लिहावं लागेल."

"लिखा. घरघर डोया लाल शेतस, मी दखात. नही कशी सांगू?"

"काम जाईल तुमचं."

"जाई." ती खापराची कड चाचपत होती. "पन साचा बदला, हाई बी लिखा."

"लिहितो. वाचतील की नाही ते माझ्या हातात नाही." ते अजून भोकाकडेच बघत होते. "मावशी, भोक मोठंच ठेवलं आणि आत एखादं कडं बसवलं तर? रोज कडं घालायचं, सणाला काढायचं."

"मातीनं कडं? फुटी जाई."

एवढंच बोलून ती पाटी उचलून गेली.

पुढच्या साली चुलींचा पैसा आमच्या भागाला आला नाही. त्यांच्या लिहिण्यामुळे, की आणखी कशामुळे, ते मला आजही कळलेलं नाही. शांतीलालभाईही पुन्हा आले नाहीत. मास्तरीण म्हणणं बायांनीच थांबवलं, बोलावताना जीभ अडखळायची.

पण दिवाळीनंतर तुळशीबाई आमच्याकडे एक मातीचं कडं घेऊन आली. ते पहिल्याच जाळाला तडकलं. दुसरं, त्यात घोड्याची लीद मिसळलेली, चार दिवस टिकलं. तिसऱ्यात काय घातलं ते तिने मला सांगितलं नाही, हसून म्हणाली, "मन्हं मन्हाजोडे राहू दे." तिने आमच्या चुलीचं भगदाड गोल करून घेतलं आणि ते कडं आत बसवलं. धूर मागे वळला. साळुंकीला आधीच दुसरीकडे हुसकावलं होतं.

त्या आखाजीला कडं काढून आम्ही खापर ठेवलं, मांडे झाले, मग कडं परत बसवलं. मांडे भाजताना धूर झालाच. ते काही तिलाही जमलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई खोकल्या नाहीत. बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. बाया कडी मागू लागल्या. सरकारची मजुरी नव्हती, पण सुपातून ज्वारी, तूर असं काहीबाही मिळू लागलं. सारंगखेड्याकडूनही एक बैलगाडी तिला न्यायला आली.

त्याच आखाजीला, सणाच्या दिवशी, ती मांडा घ्यायला आली होती. पितरांचा नैवेद्य झाल्यावर मी तिच्या हातावर मांडा ठेवला. तिने तो पदरात घातला नाही. उंबऱ्याशी उभी राहून, आत डोकावून विचारलं, "कोनत्या चुलीवरना शे?"

"तुन्ही," मी म्हटलं.

तरीही ती चपला काढून आत गेली, चुलीपुढे बसली, कड्यावरून बोट फिरवलं, आणि मगच म्हणाली, "चहा टाक व माय."