भिंतीवरचे सासरेबुवा

मस्कतकरांनो, आमच्या नाटकात तुम्ही ज्याला भिंतीवरचा फोटो समजलात, तो माणूस आज पहाटे गेला.

हो, माणूस. तो फोटो नव्हता.

सलीमभाई आणि मी इतकी वर्षं तोंड शिवून बसलो होतो, कारण त्यानेच तशी शपथ घातली होती. आज सांगते. रागवायचं तर रागवा.

त्याचं नाव फिन्टन. आयर्लंडचा नट. उभं आयुष्य नाटक-सिनेमात काढलं.

हिरो कधीच नाही. गावचा पाद्री, तिरसट पोस्टमास्तर, बारवाला, कोर्टात पेंगणारा जज्ज. दोन सीनसाठी यायचा आणि अख्खा पिक्चर खिशात घालून जायचा.

त्याच्या लेकीने, ऊनाने, मला लॅपटॉपवर त्याचे सीन दाखवले होते. एकात तो चहात साखर ढवळतोय आणि कुणीतरी येऊन सांगतं, तुझी बायको गेली. हा ढवळतच राहतो. बास. एक शब्द नाही. मी इकडे रडून रडून बेजार.

मग त्याला स्ट्रोक आला.

चालणं सावरलं, बोलणं नाही. शब्द डोक्यात असायचे, पण तोंडात यायचे नाहीत. नटाचेच शब्द गेले हो! ऊना इथे शाळेत शिकवायची, ती त्याला आपल्याकडे घेऊन आली.

ज्या वर्षी आपली आठवड्याची सुट्टी गुरुवार-शुक्रवारची शुक्रवार-शनिवार झाली, त्याच वर्षी तो मला चर्चमध्ये भेटला.

आता गल्फमध्ये पहिला प्रश्न काय असतो? "कुठे काम करता?" मी वसईची बाई, हॉटेलात कामाला. सवयीने तेच विचारून बसले.

बराच वेळ त्याचे ओठ हलत राहिले.

"ॲक्टर," तो म्हणाला. मग हात झटकून, "खलास."

अख्खं शहर कामाला आलेलं आणि हा एकटा सोफ्यावर. तेच त्याला आतून खात होतं. मला बघवेना. म्हटलं, चला, आमची रिहर्सल तरी बघा.

दार्सैतच्या हॉलमध्ये आमची एकांकिका बसत होती. डिरेक्टर सलीमभाई. रत्नागिरीचे, रुवीत इलेक्ट्रिकचं दुकान, आणि डोक्यात चोवीस तास नाटक. मी सून. वारलेल्या सासऱ्याच्या फोटोसमोर उभं राहून शेवटी माझं लांबलचक बोलणं.

फोटोचंच अडलं होतं. हार घालायला स्वतःच्या बापाचा फोटो कोण देणार? आणि जिवंत माणसाला तर विचारायचीच सोय नाही.

फिन्टनने हात वर केला.

"पण डोळे घारे आहेत," मी म्हटलं.

"अगो, कोकणातला सासरा. चालतंय की!" सलीमभाई खूश.

फोटो छापून येईपर्यंत फिन्टन स्टुलावर चढून रिकामी फ्रेम तोंडासमोर धरून उभा राहायला लागला. वर प्रश्न.

"ही... लव्ह्ड... हू?"

"अरे बाबा, फोटोला कसला आलाय रोल!" सलीमभाईंनी कपाळाला हात लावला.

मी सांगितलं, "सुनेवर जीव होता त्याचा. पण कधी बोलून दाखवला नाही."

त्याने मान हलवली. आणि माझ्याकडे बघितलं.

देवाशपथ सांगते, तोपर्यंत मी पोपटासारखी बोलत होते. त्या नजरेसमोर पहिल्यांदा माझा आवाज कापला.

मग छापलेला फोटो आला आणि माझं काम पुन्हा पार झोपलं. दोन रिहर्सली सलीमभाईंनी सहन केलं. मग ओरडले, "काढा तो फोटो! म्हाताऱ्यालाच लावा भिंतीवर!"

प्लायवूडला चौकोन कापला. मागे स्टूल. तोंडाला करडा मेकअप, ब्लॅक अँड व्हाइट दिसायला. मिशी, काळी टोपी, चंदनाचा हार. ऊनाला काही सांगितलं नाही, तिने उभं राहू दिलंच नसतं.

आणि प्रयोगाला तो चाळीस मिनिटं उभा राहिला.

स्ट्रोकने हात थरथरायचा, तो प्लायवूडमागे. चेहरा मात्र निश्चल. पापणी कधी मिटायचा तेही कळलं नाही. मी समोर जाऊन म्हटलं, "मामंजी, एकदा तरी माझ्या बाजूने बोलायचं होतं हो," आणि त्या करड्या गालावरून पाणी खाली आलं. ते फक्त मला दिसलं. मी पुढची वाक्यं कशी म्हटली, मलाच माहीत नाही.

टाळ्या थांबेनात. सलीमभाई त्याला ओढून पुढे आणायला गेले. नाही आला.

"फोटो... नो बो," म्हणाला. फोटो कधी वाकून टाळ्या घेतो का! कुणालाही सांगायचं नाही म्हणून आमच्याकडून शपथ घेतली.

एक काकू आत येऊन विचारत होत्या, "फोटो कुठे करून घेतलात, रुवीला का? आमच्या सासऱ्यांचा अगदी असाच करायचाय." त्या गेल्यावर मी प्लायवूडमागे जाऊन त्याला भाषांतर करून सांगितलं. म्हातारा हसून हसून स्टुलावरून पडायचा बाकी होता. इतकी मोठी दाद त्याला आयुष्यात मिळाली नसेल.

एवढ्यात ऊना धावत आत आली. खुर्चीत बाप नाही म्हणून तिने बाहेर पार्किंगसुद्धा पालथं घातलं होतं. भिंतीवर फोटोच आहे असं तिलासुद्धा वाटलं होतं. सख्ख्या लेकीला!

"डॅड! कुठे होतास?"

त्याने ओठ हलवले. आम्ही सगळे थांबलो. घाई नाही केली.

"आय वॉज... ॲट वर्क."

ऊनाने त्याला मिठी मारली. तिच्या पांढऱ्या ड्रेसला सगळा करडा रंग लागला. दोघांनाही त्याचं काही नव्हतं.

फिन्टन, फार मोठा नट होतास रे तू.

सासरेबुवा, सुनेचा नमस्कार घ्या. आणि आता निवांत पडा.