लहानपण पाहिलेलं माणूस

नांदेडच्या खासगी डॉक्टरांकडे जात होते तोवर माझा आजार थायरॉईड होता. निदान सासरी तरी मी तसंच सांगितलं होतं. थायरॉईडला कुणी नावं ठेवत नाही. एडीएचडी म्हणजे काय, हे समजावत बसायची माझी तयारी नव्हती. जिचं स्वतःचं लक्ष कशात राहत नाही ती बाई वर्गात 'लक्ष द्या' म्हणून पोरांवर खेकसते, हे कळलं असतं तर लोक पोट धरून हसले असते. त्या दवाखान्यात गार हवा, मंद गाणी आणि आत एका वेळी एकच माणूस. लाजणाऱ्यांची सगळी सोय केलेली होती.

ते परवडेनासं झालं आणि मी परभणीच्या सरकारी दवाखान्यात आले, म्हणजे आपल्याच गावात, आपल्याच माणसांत. केसपेपरच्या खिडकीत हळूच म्हटलं, "मानसिक."

आतल्या माणसानं सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, "मानसिक का? पेशंट कुठाय?"

"मीच," मी म्हटलं.

शेजारी डोळ्यांच्या रांगेत आमच्या गल्लीतल्या एक काकू उभ्या होत्या. "इकडं कुठं गं?" त्यांनी विचारलं. "नणंदेला बघायला आले," मी ठोकून दिलं. धडधाकट नणंदेला मी उभ्या उभ्या आजारी पाडलं.

आतल्या डॉक्टर वयानं माझ्याहून लहान होत्या. त्यांनी नांदेडचे कागद शांतपणे वाचले आणि म्हणाल्या, "गोळी देऊ, पण मला एकदा पहिल्यापासून समजून घ्यायचंय. तुमचं लहानपण पाहिलेलं कुणीतरी घेऊन या." नांदेडला हाच प्रश्न आला तेव्हा, आईला प्रवास झेपत नाही, असं सांगून मी वेळ मारून नेली होती. इथं तसं चाललं नाही.

आई ताडकळसला राहते. तिला प्रवास उत्तम झेपतो. झेपत नाही ते मला, कारण ती घरातलं बोलते ते बाजारात ऐकू जातं. मी टाळत राहिले. तेवढ्यात जवळच्या गोळ्या संपल्या आणि काही दिवसांतच तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मी रिक्षात विसरले. मुख्याध्यापकांनी सगळ्या शिक्षकांसमोर सुनावलं, "बाई, पुन्हा असं झालं तर मला संस्थेला कळवावं लागेल." नोकरीवर आलं तेव्हा कुठे मी आईला फोन केला.

"डोक्याच्या दवाखान्यात? माय गं," एवढंच ती म्हणाली आणि सकाळच्या एसटीनं आली. कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे. ते पुसायला सांगावं असं माझ्या मनात येऊन गेलं. सांगितलं नाही, पण आलं होतं.

डॉक्टरांच्या खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा होता, आणि त्याला खेटून पुढचे पेशंट उभे होते. डॉक्टरांनी विचारलं, "ही लहानपणी वस्तू हरवायची का हो, आई?"

"वस्तू? अहो, गळ्यातलं लिंग हरवायची ही!"

आम्हा लिंगायतांत दीक्षा झाली की गळ्यातलं इष्टलिंग अंगावेगळं करायचं नसतं. पूजेला तळहातावर घ्यायचं आणि पूजा झाली की चांदीच्या डबीत घालून पुन्हा गळ्यात. माझ्या वयाच्या पोरी झोपेतसुद्धा ते चाचपून बघत. मी पूजा अर्धवट टाकून मांजरामागं पळायची, आणि लिंग राहायचं कधी कट्ट्यावर, कधी पेरूच्या झाडाखाली.

"ते सापडंस्तोर घरात कुणी तोंडात घास घालीत न्हवतं," आई सांगत होती. "हिचा बाप उपाशी शेतात जायचा. लोक म्हणायचे, पोरीला देवाची भीती न्हाई. मग मी फुंकणीनं मारायची हिला. लय मारलं, बाई. रडायची, आन् दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच."

पडद्याआड कुणीतरी हसलं. मला त्या क्षणी गोळी नको होती, नोकरी नको होती, फक्त आईनं गप्प बसावं असं वाटत होतं.

"ती मुद्दाम करत नव्हती, आई," डॉक्टर म्हणाल्या. "हा त्रास लहानपणापासूनच असतो. तिच्या हातात नव्हतं ते."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

"मग मी मारलं ते कशाला हो, बाई?" ती म्हणाली, आणि तिथंच हुंदके देऊन रडायला लागली. रडता रडता माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली, ब्लाउजच्या वरून, जणू वळ अजून तिथंच होते.

मी तो हात धरायला हवा होता. मी मान वळवून पडद्याखालून दिसणारे पाय बघत होते, त्यांत ओळखीच्या चपला आहेत का म्हणून.