मुद्देमालात जमा केलेलं तण

१२ जुलै. सकाळपासून परसात निंदण करतेय. मोठी दुधी नावाचं तण उपटलं की पांढरा चीक बोटांना लागतो, आणि मी ठाणेदार असताना राळेगाव तालुक्यातल्या माझ्या पोलीस ठाण्यात आलेली ती तक्रार आजही आठवते.

तक्रारदार शेतकऱ्याने दुधीची पेंढीच टेबलावर टाकली. इवायावर, म्हणजे होणाऱ्या व्याह्यावर, गुन्हा दाखल करा म्हणाला. दोघांची शेतं धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून. फवारणीचा पंप आणि तणनाशक इवायाने दिलेलं. बाकी गवत वाळलं, सोयाबीनमध्ये दुधी मात्र ताठ उभी. म्हणजे इवायाने औषधात पाणी घातलं. पोरीचं लग्न मोडतो, हेही त्याने ऐकवलं. पाणी असतं तर बाकीचं गवत कसं मेलं, असं विचारलं तर त्याने पेंढी पुन्हा टेबलावर आपटली. राग भरपूर होता.

मी पेंढी लेबल लावून मुद्देमाल खोलीत ठेवली आणि पंचनाम्याला गेले. इवाई प्रत्येक प्रश्नाला घाम पुसत होता आणि शेत दाखवायला तयार नव्हता. संशय बळावला. तुरीच्या आडोशामागे शिरले, तर त्याच्याकडे दुप्पट दुधी. असं शेत नव्या सोयऱ्याला दिसू नये, एवढाच त्याचा गुन्हा.

उलगडा केला पंच म्हणून बोलावलेल्या निंदणाऱ्या बाईने.

"मॅडम, चार सालं झाले, दोघंबी हेच दवाई मारून राह्यले. जे मरत नाही त्याचंच बी पडते. आमाले बोलावलं असतं तं फुलाच्या आधी उपटून देलं असतं."

कृषी सहायकाने तेच सांगितलं: औषध बदला, उरलेलं हाताने उपटा, मळणी यंत्र झाडूनच दुसऱ्या शेतात न्या. मी दोघा इवायांना त्या बाईच्या हाताखाली दिलं. आठ दिवस त्यांनी तिचे टोमणे खात एकमेकांची शेतं निंदली. तक्रार मागे घेतली गेली.

दसऱ्यानंतर तक्रारदार लग्नाची पत्रिका घेऊन आला आणि मुद्देमाल खोलीच्या दाराशीच थबकला. पेंढी नष्ट करायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. ती वाळली, बोंडं तडकली, बी झाडलोटीत बाहेर गेलं. खोलीबाहेर भिंतीलगत वीतभर दुधी उभी होती.

"मॅडम," तो शांतपणे म्हणाला, "आता कोनावर गुन्हा लावता?"

संशयिताला बोलावण्याआधी जिचे हात रोज त्या मातीत असतात तिला विचारायचं, हे त्या प्रकरणाने शिकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी झाल्यावर मी शिपायांच्या हाती खुरपी दिली. भिंतीकडची निंदणाची पहिली पात मी धरली.