हळूबाई आणि ड्रायव्हरचं भांडण

माझी मावशी नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स होती. तिथे तिला सगळे हळूबाई म्हणत. दार हळू लावा, खुर्ची हळू सरकवा, खोकायचं असेल तर तेही हळू, असं तिचं दिवसभर चालायचं. काचेच्या पेट्यांमध्ये ओंजळीत मावतील एवढी बाळं झोपलेली असत आणि जरा आवाज झाला की दचकत. घरी आली की मात्र हीच बाई जिन्यातूनच काकांना हाक मारायची, आणि शेजारच्या घरातून कुणीतरी ‘ओ’ द्यायचं. काका म्हणत, दिवसभर साठवलेला आवाज ती माझ्यावर खर्च करते.

बाळांशी ती अहो-जाहो करून बोलायची. “अहो साहेब, आज दूध परत का पाठवलंत?” असं अगदी गंभीर चेहऱ्याने विचारायची. आलेलं प्रत्येक बाळ घरी जाणारच, असं धरूनच ती कामाला लागायची. सगळी जात नसत. एखादं दगावलं की ती कपड्यांच्या खोलीत जाऊन रडायची, तोंड धुवायची आणि पुढच्या पेटीपाशी उभी राहायची. पण शेवटचा श्वास होईपर्यंत हार मानायची नाही आणि दुसऱ्या कुणी मानलेली तिला खपायची नाही.

मग एका बस ड्रायव्हरची मुलगी वॉर्डात आली.

मुलगी दिसायला गोड होती, केस काळेभोर. पण तिची कातडी अंगाला धरूनच नव्हती. बोट लागलं तरी फोड यायचा, फोड फुटला की साल निघून यायची. तोंडात तसंच, घशात तसंच. वॉर्डातल्या उंच, खांदे पाडून चालणाऱ्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून आईबापांना समोर बसवलं आणि सांगितलं, की हा जन्मजात आजार आहे, तिला झालाय तो त्यातला सगळ्यात वाईट प्रकार आहे आणि यावर इलाज नाही. ती फार तर काही आठवडे जगेल.

मावशीचं सगळं काम हातांचं. रडणाऱ्या बाळाच्या पाठीवर तळवा ठेवला की ते शांत व्हायचं, हे तिचं हुकमी औषध. इथे नेमका हातच चालत नव्हता. रोज जखमांवरच्या पट्ट्या बदलाव्या लागत. आधी औषध देऊनसुद्धा ती मुलगी रडायची, आणि घसा सोललेला असल्याने रडण्याला आवाज फुटायचा नाही, नुसतं तोंड उघडायचं. मावशी पट्टी काढताना तिच्याशी बोलत राहायची, पण अहो-जाहो कधीच सुटलं होतं. “झालं ग, झालं, एवढंच,” म्हणायची. आणि ते एवढंच नसायचं.

मुलीची आई शिवणकाम करायची. मुलीला उचलता येत नाही म्हटल्यावर तिने घरातल्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कपड्यांच्या चादरी शिवून आणल्या. शिवण टोचू नये म्हणून सगळ्या शिवणी तिने बाहेरच्या बाजूला घेतल्या होत्या. एवढं करून ती पेटीशेजारी हात मांडीवर ठेवून बसायची.

एक दिवस पट्ट्या बदलून झाल्यावर ड्रायव्हर मावशीच्या मागोमाग बाहेर आला. भारदस्त माणूस, एरवी फारसं न बोलणारा. त्याने सरळच विचारलं, की तिला कायमची शांत झोप लागेल असं काही देता येणार नाही का. आमचा कुत्रा आजारी पडला तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला एका इंजेक्शनात सोडवलं, असंही म्हणाला.

मावशी भडकली. “तुमची मुलगी म्हणजे कुत्रं नाही.”

“म्हणूनच विचारतोय बाई,” तो म्हणाला. “कुत्र्याला मिळाली तेवढी दयासुद्धा हिला नाही का?”

मावशी तशीच वळून वॉर्डात गेली. त्या दिवशी घरी येताना तिने जिन्यातून हाक मारली नाही. काका दचकून स्वतःच दारात आले. तिने त्यांना सगळं सांगितलं, आणि ड्रायव्हरवरचा राग त्यांच्यावर काढला. काकांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की तू त्याच्यावर रागावलीस, की त्याने तुझ्याच मनातलं विचारलं म्हणून? त्यावर ती जेवलीच नाही.

डॉक्टरांकडे ड्रायव्हरने बायको आणि मावशीसमोर तीच मागणी केली. ते रागावले नाहीत. कायदा परवानगी देत नाही, हे त्यांनी आधी सांगितलं. मग म्हणाले, कायद्याआड मी लपत नाही, उद्या परवानगी मिळाली तरी माझा हात धजेल की नाही मला माहीत नाही. पण बरंच काही आपण थांबवू शकतो. पट्ट्या सोलून बदलणं थांबवू. नळीने दूध ढकलणं थांबवू, तिला गिळवेल आणि हवं असेल तेवढेच थेंब देऊ. जंतुसंसर्ग झाला तर त्याच्याशी लढायचं नाही. आणि वेदना थांबवण्याचं औषध ती खरोखर शांत होईपर्यंत वाढवत न्यायचं, त्याने श्वास मंदावला तरी.

मुलीची आई खुर्चीत पुढे सरकली. ती म्हणाली, “तिला दुखू देऊ नका. किती दिवस मिळतील ते मला सांगू नका.”

आईबाप गेल्यावर मावशी मागे थांबली. “डॉक्टर, हा जो डोस मी देणार, तो कशासाठी?”

“दुखणं थांबावं म्हणून.”

“आणि तिचा श्वासच थांबला तर?”

“तर थांबेल.”

“मग हे तेच नाही का? फक्त हळू?”

“असेलही,” ते म्हणाले. “मला हळूच जमतं, बाई. एकदम नाही जमत.”

हे काम दुसऱ्या नर्सकडे द्यायचीही तयारी त्यांनी दाखवली. मावशी नको म्हणाली. आपल्याला पटतंय की नाही हे ठरवत बसायला त्या मुलीला वेळ नाही, असं तिला वाटलं.

औषध गालाच्या आत थेंबाथेंबाने द्यायचं होतं. मावशी थेंब सोडायची आणि चेहरा बघत बसायची. डोस वाढत गेला तशा भुवया सैल झाल्या, मुठी उघडल्या. आणि मग असं काही झालं, जे योजनेत कुणी धरलंच नव्हतं. मुलीला आता उचलता येत होतं. दुखणं पोचतच नव्हतं तिच्यापर्यंत.

मावशीने कपड्यांची खोली रिकामी केली, वॉर्डातली बरी खुर्ची ओढत नेली, नेताना केवढा तरी आवाज झाला. आईला खुर्चीत बसवून मुलीला चादरीसकट तिच्या मांडीवर दिलं. आई आधी श्वाससुद्धा घेईना. मग तिने मुलीच्या केसांवर गाल टेकवला. ड्रायव्हर समोर जमिनीवर बसला आणि त्याने आपल्या बसच्या मार्गावरचे सगळे थांबे मुलीला सांगितले, कुठे चढ आहे, कुठे शाळा सुटते, कुठली म्हातारी रोज सुटे नसल्याचं सांगते. दुपारी ऊन खिडकीतून आत आलं तेव्हा श्वास लांब लांब पडायला लागले. मावशीने दाराला पाठ लावून कुणाला आत येऊ दिलं नाही. संध्याकाळ व्हायच्या आत मुलगी गेली, आईच्या मांडीवरच.

ती खोली पुढे तशीच ठेवावी म्हणून मावशी वरच्या साहेबांशी भांडली, तेही घरच्या आवाजात. चादरींची कपाटं व्हरांड्यात गेली आणि ज्यांना निरोप द्यायचा असे, त्या आईबापांना ती खोली मिळायला लागली.

ड्रायव्हर आणि त्याची बायको मावशीच्या घरी येऊ लागले ते त्यानंतर. आधी भीतभीत, मग हक्काने. त्यांना पुढे मूल झालं नाही, त्यांनी होऊ दिलं नाही. काका गेले तेव्हा मावशीच्या शेजारी सगळ्यात जास्त वेळ ती दोघंच बसली होती.

गंमत अशी, की वय होता होता मावशी आणि ड्रायव्हरने आपापल्या बाजू बदलल्या. ड्रायव्हर म्हणायचा, बरं झालं तुम्ही माझं ऐकलं नाहीत, मी मागितलं ते मिळालं असतं तर ती दुपार मिळाली नसती. मावशी मान हलवायची. “ती दुपार आपल्याला मिळाली, भाऊ. तिला काय मिळालं? तुम्ही विचारलंत, त्यानंतरही मी तिची पट्टी बदलली. ती माझ्यासाठी बदलली, तिच्यासाठी नाही.” तो म्हणायचा, पण ती आईच्या कुशीत गेली ना. ही म्हणायची, कुशीत आधीही देता आलं असतं, शेवटही आधी करता आला असता. मी एकदा विचारलं, मग आता कुणी मागितलं तर देशील इंजेक्शन? “दुसरा कुणी चांगला माणूस देणारा असला, तर त्याला अडवणार नाही,” म्हणाली. “माझं मला नाही सांगता येत.”

या भांडणात मुलीची आई कधी पडली नाही. एकदा दोघांचे आवाज फारच चढले तेव्हा ती उठली, दोघांपुढचे रिकामे कप उचलले आणि म्हणाली, “तुम्ही दोघं चालू द्या. मला ती मांडीवर किती जड होती ते आठवतं, मला तेवढं पुरतं.” आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.