समोरच्या घरातली भित्री

"मला भीती वाटते हं, आधीच सांगून ठेवते."

हे म्हणायचं, पदर खोचायचा आणि ज्याची भीती वाटते तेच काम करायला घ्यायचं, ही तिची पद्धत. भित्री माणसं तुम्हीही पाहिली असतील. बहुतेक जण भीती लपवतात, नाहीतर भीतीमागे स्वतः लपतात. हिला दोन्ही जमायचं नाही.

एव्हरशाईन सिटी नावाच्या नव्या वसाहतीत आम्ही राहायला आलो तेव्हा निम्म्या इमारती अजून उभ्या राहायच्या होत्या. खिडकीतून गवत दिसायचं, चिखल दिसायचा आणि पलीकडे तुंगारेश्वरचा डोंगर. तिचं दार माझ्या दारासमोर. ती मूळची गुहागरकडची. नवरा वालीवला प्लास्टिकच्या कारखान्यात. पदरी दोन मुली, रेवा शाळेत जाणारी आणि चिमी अजून बोबडं बोलणारी. ती पालीला भ्यायची, लिफ्टला भ्यायची. कुकरची शिट्टी झाली की बाहेरच्या खोलीत पळायची, पण गॅस बंद करायला स्वतःच जायची, तोंड फिरवून, हात लांब करून.

एकदा जिन्याखाली मीटरपाशी नाग निघाला. आम्ही सगळ्यांनी दारं लावून घेतली. गावातून साप पकडणारा यायला वेळ होता आणि मुलांची शाळेची रिक्षा तर आता येणार होती. मी दाराच्या भोकातून पाहिलं. ही कपडे वाळत घालायची काठी घेऊन खाली निघाली होती. मी बाहेर येऊन कठड्यावरून वाकून बघत होते. मुलं येईपर्यंत ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. काठी इतकी थरथरत होती की ती नागाला हाकलते आहे की बोलावते आहे ते कळेना. मुलं तिच्या पाठीमागून सुखरूप वर गेली. मग ती तिथेच पायरीवर बसली आणि म्हणाली, "अगो शुभा, माझे पाय कुठेत ते बघ जरा."

सगळी इमारत तिला हसायची. मीही हसायचे. इमारतीत धीट म्हणून माझं नाव होतं.

मग तिला कावीळ झाली. काविळीला कोण भितं? कोणी उसाचा रस सांगितला, कोणी गावठी औषध आणून दिलं. डोळे हळदीसारखे पिवळे, तरी ती घरभर हिंडत होती. "या वेळी मला भीतीच वाटत नाहीये गो," असंही म्हणाली. कावीळ मात्र उतरेना. अंग खाजायचं, जेवण जाईना. शेवटी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या.

मजल्यावर फोन फक्त आमच्याकडे. भाऊजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, इस्पितळातून निरोप आला तो आमच्याच घरात. माझ्यासमोर उभे राहून ते नुसतं "हो, हो" म्हणत होते. फोन ठेवल्यावर ते आपल्या दाराकडे गेलेच नाहीत. आमच्या पंख्याकडे बघत म्हणाले, "वहिनी, स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. पसरलाय. आता काही करता येणार नाही म्हणतात. तिला सांगू नका."

त्या दिवसापासून मला फोनची धडकी भरायला लागली. स्वयंपाक करताना माझा कान दाराकडे असायचा. तिकडून भांड्याचा आवाज आला की बरं वाटायचं. नाही आला की मी कणकेच्या हातानं तशीच उभी राहायचे. समोरची बेल दाबायची हिंमत होत नव्हती.

ती मला दोन दिवस बघत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी मला आत बोलावून म्हणाली, "हे काही बोलत नाहीत. तू मान वर करत नाहीस. म्हणजे आहे ते वाईटच आहे. शुभा, मला भीती वाटते."

मी सगळे म्हणतात तेच म्हटलं. "घाबरायचं काय त्यात? होशील बरी."

ती इतकी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती. "तू नको म्हणूस हे! सगळं गाव म्हणेल आता. तू तरी मला घाबरू दे ना!"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "मलापण भीती वाटते."

"खूप?"

"खूप."

ती पलंगावर जरा सरकली. "मग बस इथे."

त्यानंतर रोज दुपारी आम्ही दोघी शेजारीशेजारी बसायचो. ती एकेक भीती काढायची. दुखेल किती? शुद्ध राहील का? रेवाच्या केसांत उवा झाल्या तर यांना दिसतील का? मी खोटी समजूत घालायची नाही, एवढंच आमचं ठरलं होतं.

रेवाला तिनं स्वतः सांगितलं. भाऊजी नको नको म्हणत होते. पण एक दिवस रेवा माझ्याकडे पोळी खाताना म्हणाली, "काकू, मी आईशी भांडले होते म्हणून तिला बरं वाटत नाहीये का?" हे मी जाऊन सांगितलं, तसं तिनं रेवाला जवळ बोलावलं. मला म्हणाली, "तू जाऊ नकोस." तिनं चादर मुठीत घट्ट धरली होती.

"रेवा, माझ्या पोटात मोठा आजार आहे. तो कुणाशी भांडून होत नाही. डॉक्टरांकडे त्याचं औषध नाही."

"मग तू मरणार?"

"हो गं बाळा."

रेवा आईच्या बांगड्या फिरवत राहिली. मग म्हणाली, "मला रिक्षापर्यंत कोण सोडणार?"

"बाबा. आणि काकू."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच हो म्हटलं. कुणाला शब्द देताना मला इतकी भीती त्याआधी कधी वाटली नव्हती.

पण तिची सगळ्यात मोठी भीती धाकटीची होती. चिमीला आईच्या केसांत मूठ घातल्याशिवाय झोप यायची नाही. एका दुपारी चिमी पेंगायला लागली, तशी ती म्हणाली, "हिला बाहेर ने आणि दार ओढून घे."

मला वाटलं, दुखत असेल. पण दुसऱ्या दिवशीही तेच, मग रोजच. चिमी दारावर थपडा मारायची, "आई उघल, आई उघल" म्हणून रडून लाल व्हायची. कडेवर घेतलं की मला ओरबाडायची. एकदा चिमी रडून रडून झोपल्यावर मला राहवलं नाही. आत जाऊन म्हटलं, "थोडे दिवस उरलेत, त्यात लेकराला असं तोडतेस? काळीज आहे की नाही तुला?"

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. "आता रडली तर मी आहे अजून," ती म्हणाली. "फारच झालं तर उघडीन दार. पण मी गेल्यावर ती रडेल, आणि दार उघडलं तरी आत कोणी नसेल. त्याची मला भीती वाटते. तिला आत्ताच सवय होऊ दे."

मी बाहेर येऊन झोपलेल्या चिमीपाशी बसले.

दिवस गेले तसं रडणं कमी होत गेलं. झोपताना चिमीनं आधी बापाच्या शर्टाची कॉलर धरली. कारखान्यात पाळी बदलून घेऊन ते दुपारी घरी थांबायला लागले होते. ते औषध आणायला गेले की ती माझी वेणी धरायची. एका दुपारी तर दाराकडे न बघताच ती माझ्या खांद्यावर झोपली.

आतून बारीक आवाज आला, "झोपली?"

"झोपली."

"रडली नाही?"

"नाही."

मग आतून काहीच ऐकू येईना. मी हाक मारली, दुसऱ्यांदा मारली. चिमीला खांद्यावर तशीच धरून मी दार ढकललं, तर ते कशाला तरी अडलं. फटीतून पाहिलं, ती दाराला पाठ लावून खाली जमिनीवर बसली होती. तोंडात पदराचा बोळा. तेव्हा कूस बदलायलाही तिला माणूस लागायचं. पलंगापासून तिथवर ती कशी आली असेल?

"रोज इथे येऊन बसतेस?"

तिनं पदर काढला. "मग काय पलंगावर झोप लागते मला?"

मीही फटीपाशी खाली बसले. तिनं चिमीच्या पायाला हात लावला, अगदी हलका, जाग येऊ नये इतका. केसांपाशी मात्र तिनं चिमीला आणू दिलं नाही.

ती एका सकाळी गेली. रेवा तिच्या उशाशी होती. भाऊजींनी तिचा हात धरलेला होता. शेवटी दुखू नये म्हणून दिलेल्या औषधानं ती गुंगीत होती, त्यामुळे तेव्हा तिला भीती वाटली का, हे मला कधीच कळलं नाही. पुष्कळ वर्षं झाली, अजून मी त्याचा विचार करते.

दुपारी तिला स्मशानात पोचवून भाऊजी परतले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. गुहागरची मंडळी पोचायची होती. चिमीची झोपायची वेळ झाली. मी घाबरून तिच्याकडे बघत होते. आता ही दाराकडे धावणार, थपडा मारणार, आणि एवढ्या माणसांत मी काय करू? आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं. चिमीनं डोळे चोळले, जमलेल्या माणसांच्या पायांमधून वाट काढली आणि बापापुढे जाऊन हात वर केले.

भाऊजींनी तिला उचललं. तिनं कॉलर मुठीत धरली आणि झोपून गेली.

बायका म्हणाल्या, निजवा तिला, तुम्ही जरा टेका. त्यांनी मानेनंच नको म्हटलं. डोळ्यांतलं पाणी शर्टावर गळत होतं, ते पुसायलाही त्यांनी हात हलवला नाही. खिडकीपाशी ते तसेच उभे राहिले, ऊन डोंगराकडे सरकेपर्यंत.